एकाच जाजमावर : बायकांच्या बैठकीबद्दल वाचकांचे प्रश्न

गोव्यातल्या गावांत एकेका वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांनी महिन्यातून एकदा, कार्यक्रम किंवा भाषण न ठेवता, नुसतं मोकळेपणानं बोलायला जमावं, असं मागच्या अंकात सुचवलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी सुरुवात करूनही टाकली आहे आणि त्या अडल्या आहेत. अशा प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

आमचं २२ जणींचं हळदीकुंकू मंडळ आहे. संक्रांतीला जमतो, वाण देतो, फोटो काढतो आणि घरी जातो. मनातलं बोलता येईल अशी बैठक सुरू करायची तर कशी करावी? (डिचोली)

मंडळ मोडू नका. ते चालतं तसं चालू दे, बैठक त्याच्या बाजूला वेगळी ठेवा. पण २२ जणींना एका गोलात बसवू नका. प्रत्येकीला ५ मिनिटं दिली तरी ११० मिनिटं नुसत्या बोलण्यात जातात. पंधरावीपर्यंत येता येता पहिलीचं बोलणं कोणाला आठवत नाही, आणि शेवटच्या दोघीतिघी ‘माझं काही विशेष नाही’ म्हणून मोकळ्या होतात. ८ ते १२ जणींचा गोल बरा. तुमचे सहज दोन गोल होतील, दोन वेगळ्या दिवशी. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय यांना एका गोलात घालू नका. या एका गोष्टीवर पुढचं निम्मं यश ठरतं.

दहा जणी आणि दोन तास धरून वेळ अशी वाटा. पहिली १५ मिनिटं येणं, पाणी पिणं, फोन आवाज बंद करून एका टोपलीत ठेवणं. घरी आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तिचा फोन तिच्याकडेच राहू दे. १० मिनिटं नियम बोलून दाखवायला. ५० मिनिटं पहिली फेरी, प्रत्येकीला ५. मग ३० मिनिटं मोकळं बोलणं, आणि शेवटी १५ मिनिटं प्रत्येकीनं एकेक वाक्य बोलून उठणं. शेवटची फेरी वेळ नाही म्हणून गाळली की बायका अर्धवट उघड्या मनानं घरी जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

बोलण्याची पाळी दाखवायला हातात धरायची एखादी वस्तू ठेवा. घासून गुळगुळीत केलेली करवंटी चांगली. नारळ नको, त्याला ओटीचा अर्थ चिकटलेला आहे आणि काही जणींना तो खुपतो. जिच्या हातात करवंटी, तीच बोलणार. न बोलता पुढे द्यायची तर देता येते, कारण विचारायचं नाही. उलट प्रश्न नाही, ‘अगं माझंही तसंच’ नाही. एवढं पाळलं तरी जन्मात पहिल्यांदा कोणी मध्ये न तोडता ५ मिनिटं ऐकून घेतलं, असं वाटणाऱ्या बायका निघतात.

सूत्रं दोघींच्या हाती असावीत. एकीनं वेळ पाहायची, दुसरीनं चेहरे. जिच्या घरी बैठक आहे ती या दोघींत नको, तिचं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे असतं. दर तीन महिन्यांनी दोघी बदला. तसं केलं नाही तर वर्षभरात बैठक ‘अमकीची’ होते.

पहिल्या दिवशी दुःख विचारू नका. असे प्रश्न घ्या : दिवसातली कुठली वेळ तुमची एकटीची असते? लग्नानंतर कोणती गोष्ट करायची सुटली? तुमच्या माहेरच्या नावानं शेवटची हाक कोणी आणि केव्हा मारली? हा तिसरा प्रश्न साधा दिसतो, पण नाव बदललेल्या बाईला तो फार खोल नेतो, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीसाठी राखा. ‘का’नं सुरू होणारे प्रश्न टाळा. ‘तू का सहन केलंस?’ म्हटलं की बाई आपली बाजू मांडायला लागते आणि सांगायचं राहून जातं.

आमच्या बैठकीत एका सुनेनं सांगितलं की तिला दुसरं मूल नको आहे. आठवडाभरात ते तिच्या सासूच्या कानावर गेलं. आता ती येत नाही, आणि बाकीच्या पावसापाण्याचं बोलतात. काय करावं? (फोंडा तालुका)

हे दुरुस्त होऊ शकतं, पण क्रम चुकला तर होत नाही.

पहिल्यांदा त्या सुनेला भेटा. दोघींनी जा, घोळक्यानं नको, आणि तिच्या घरी तर मुळीच नको, तिथे सासू आहे. अंगणवाडीच्या वाटेवर, देवळात, बाजारात, जिथे ती एरवीही जाते तिथे भेटा. झालं ते चुकलं एवढं स्पष्ट म्हणा आणि तिलाच विचारा : हा विषय बैठकीत काढलेला तुला चालेल का? काढायचा तर तू असताना की नसताना? की काढूच नये? ती म्हणेल तसं करा. सासूकडे खुलासा करायला कोणीही जाऊ नये. ‘ती तसं म्हणाली नव्हती’ हे वाक्यच ती काहीतरी म्हणाली होती हे पक्कं करतं.

मग बैठक. ‘कोणी सांगितलं?’ हा शोध घेऊ नका. तो सुरू झाला की बैठकीची पंचायत होते आणि उरलेल्या बायका साक्षीदार होतात. त्याऐवजी करवंटी फिरवून प्रत्येकीनं एवढंच सांगावं की इथलं बोलणं सांभाळायला मी यापुढे काय करीन. जिच्याकडून ते गेलं तिला बहुधा ते ठाऊक असतं. ती आपण होऊन पुढे आली तर तिनं त्या सुनेची एकांतात माफी मागावी, गोलात रडून नव्हे. तिला काढून टाकावं असं आम्हाला वाटत नाही, पण निर्णय त्या सुनेचा. पुढच्या दोन बैठका हलक्या विषयांच्या ठेवा. विश्वास परत यायला वेळ लागतो.

आता असं का होतं ते पाहू. बातमी द्वेषानं क्वचितच फुटते. बाई रात्री नवऱ्याला किंवा फोनवर बहिणीला ‘नाव न सांगता’ सांगते. चाळीस घरांच्या वाड्यावर ‘एका मुलाची आई, नवरा बोटीवर’ एवढं म्हटलं की नाव सांगितल्यासारखंच आहे. म्हणून ‘नाव घेऊ नका’ हा नियम पुरत नाही. नियम असा हवा : घरी सांगायचं तर फक्त मी काय बोलले आणि मला काय वाटलं एवढंच, दुसरीचं काहीही नाही.

आणखी एक वाट कोणाच्या ध्यानात येत नाही. मासळीबाजारात कोणीतरी मायेनंच विचारतं, ‘कितें गो, मागीर कितें थारलें?’ (काय गं, मग काय ठरलं?) शेजारची मावशी कान टवकारते. म्हणून दुसरा नियम : बैठकीतला विषय बाहेर त्याच बाईपाशीसुद्धा काढायचा नाही, तिनं स्वतः काढला तरच. व्हॉट्सअॅप गटावर फक्त तारीख, वेळ, जागा. फोटो नाही. ‘आजची बैठक फार भावुक झाली’ असा निरोपही नाही, तो नवऱ्यानं वाचला की रात्री ‘काय झालं?’ सुरू होतं.

गुप्ततेला दोन अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगा. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं कोणत्याही माणसावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ वर फोन करता येतो. दुसरा अपवाद कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा. आधी सांगितलं नसेल तर त्या क्षणी नियम मोडल्यासारखं वाटतं आणि बोलणाऱ्या बाईला फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

आमच्यातल्या एक बाई प्रत्येकीला उपाय सांगतात. माणूस चांगल्या आहेत, वयानं मोठ्या आहेत, त्यांना थांबवायचं कसं? (पेडणे)

त्यांना एकट्यांना थांबवू नका, सगळ्यांना एकच शिस्त लावा. बोलणं संपल्यावर सूत्र धरणारीनं बोलणारीला विचारायचं, ‘तुला काही सुचवलेलं हवं आहे, की ऐकलं एवढं पुरे?’ ‘ऐकलं ते पुरे’ म्हणाली की सगळ्या गप्प. दहांतल्या सात-आठ जणी हेच म्हणतात, आणि तुमच्या त्या बाईंनाही दोन-तीन बैठकांत आपोआप कळतं. सल्ला मागितलाच तर ‘तू असं कर’ न म्हणता ‘माझ्यावर वेळ आली तेव्हा मी असं केलं’ एवढंच सांगायचं.

उलटा त्रासही असतो, काही जणी सहा महिने तोंड उघडत नाहीत. त्यांच्यासाठी मधूनच गोल मोडून जोड्या करा. एकीनं ३ मिनिटं बोलायचं, दुसरीनं फक्त ऐकायचं, मग उलट. दहा जणींसमोर न बोलणारी बाई एकीसमोर बोलते. आणि ज्येष्ठ बाईंना वेळ पाहायचं काम द्या. मान राहतो आणि बोलणंही आटोपशीर होतं.

मी विधवा आहे. शेजारणी प्रेमानं बोलावतात, पण शेवटी हळदीकुंकू होतं आणि मला उठून जावंसं वाटतं. हे त्यांना कसं सांगू? (सत्तरी)

हे सांगायचं ओझं तुमचं नाही, बोलावणाऱ्यांचं आहे. म्हणून हे उत्तर त्यांच्यासाठी.

बैठकीत हळदीकुंकू ठेवू नका. ठेवायचंच असेल तर ताट दाराशी ठेवा, येणारीनं आपल्या हातानं घ्यावं किंवा न घ्यावं. सगळ्यांसमोर ‘तुम्हालाही लावू का?’ असं विचारणं मायेचं वाटलं तरी ते त्या बाईला सगळ्यांच्या नजरेसमोर उभं करतं. हो म्हटलं तर गावाची चर्चा, नाही म्हटलं तर डोळ्यांत पाणी. अबोलीचा किंवा जाईचा गजरा द्यायचा असेल तर सगळ्यांना द्या आणि हातात द्या, कोणी कोणाच्या केसांत माळू नये. ज्यांना लग्नच करायचं नव्हतं किंवा ज्या नवऱ्याला सोडून आल्या आहेत, त्यांनाही यातून मोकळं वाटतं. शेजारच्या ख्रिस्ती बायका येत असतील तर त्यांनाही.

१८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळाचा तिळगुळाचा समारंभ ठेवला होता. कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, हे त्यांनी आमंत्रणातच छापलं होतं. हे आधीच सांगितलं म्हणून दारात पोचलेल्या बाईला ‘मी कुठे बसू?’ हे विचारावं लागलं नसेल. तुमच्या आमंत्रणातही एक ओळ घाला : ‘सगळ्यांनी यावं, कसलाही विधी नाही.’ त्या ओळीवर येणारी बाई येते.

बैठकीत एका बाईनं सांगितलं की नवरा मारतो. आम्ही सगळ्या सुन्न झालो, कोणी रडल्या, कोणी ‘आजच पोलिसांत जाऊया’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी काही बोललेच नाही असं समजा. आमचं काय चुकलं? (सासष्टी)

घाई झाली. तिनं तुम्हाला सांगितलं, निर्णय तुमच्या हाती दिला नव्हता. अशा वेळी गोलात एवढंच म्हणायचं, ‘तू सांगितलंस, आम्ही ऐकलं, यात तुझा दोष नाही.’ मग एक दीर्घ श्वास आणि करवंटी पुढे. बैठक संपल्यावर एकीनं, फक्त एकीनं, तिच्यासोबत बसावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात : आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? तुझा फोन तो पाहतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे फोन दुसरीच्या फोनवरून करायचे आणि तिला लेखी काही पाठवायचं नाही.

‘सोडून ये’ म्हणू नका, ‘मुलांसाठी सांभाळून घे’ही म्हणू नका. तिला माहिती द्या आणि ती कधी वापरायची ते तिच्यावर सोडा. मारहाण चालू असेल तर ११२, हा तातडीच्या मदतीचा क्रमांक. सल्ला आणि आधार हवा असेल तर १८१, ही महिला हेल्पलाइन आहे. मोफत वकील हवा असेल तर १५१००, हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. रात्री झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हा चोवीस तास चालतो. हे चार क्रमांक कागदावर लिहून देऊ नका, कागद सापडतो. पाठ करून घ्या, किंवा फोनमध्ये ‘गॅस एजन्सी’सारख्या नावानं ठेवा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल दोन गोष्टी सगळ्या बायकांना ठाऊक असाव्यात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहत्या घरातून बाईला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही. आणि तक्रार म्हणजे थेट तुरुंग नव्हे. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेची नोंद करता येते, न्यायालयाकडून संरक्षणाचा, राहण्याचा, खर्चाचा आदेश मागता येतो. नवऱ्याला अटक नको पण मार थांबायला हवा, असं म्हणणाऱ्या बाईला ही वाट माहीतच नसते. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न ६० दिवसांत असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हेही तिला खरं सांगा.

आधार कार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स प्रती माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवायला सांगा. रोजचं औषध असेल तर आठवड्याचा साठाही. आणि ‘मी बोललेच नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या त्या बाईला पुढच्या बैठकीचं बोलावणं नेहमीसारखंच जाऊ दे, विषय न काढता. पुष्कळ जणी एकदा मागे सरतात आणि काही महिन्यांनी परत सांगतात.

नवरा घर विकायला निघाला आहे, माझी सही मागतो. बैठकीला वकील बोलवावा का? (तिसवाडी)

वकील जरूर बोलवा, पण त्यासाठी बैठक वेगळी ठेवा. माहितीची बैठक आणि मनातलं बोलण्याची बैठक एकत्र केली की बायका तज्ज्ञासमोर गप्प होतात आणि गोलाची शाळा होते.

तोवर एवढं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची समाईक धरली जाते, आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. म्हणूनच तुमची सही मागितली जात आहे. न वाचता सही करू नका. समजत नाही अशा भाषेतला कागद असेल तर प्रत मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. लग्नाच्या नोंदणीकडेही पाहा. नोंदणी कार्यालयात पहिल्या सह्या लग्नाच्या इच्छेच्या असतात, दुसऱ्या सह्यांनी लग्न पक्कं होतं. पहिल्यावर थांबलेल्या बायका आपण विवाहित आहोत असं समजून राहतात आणि अडचण आली की दाखला निघत नाही.

जागा कुठली घ्यावी? घरी पुरुष ऐकतात, अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) देवस्थानचे लोक विचारतात. (माशेल)

पंचायतीचं सभागृह दुपारी रिकामं असतं, पण तिथे आवाज घुमतो आणि बायका भाषण ऐकायला बसल्यासारख्या रांगेत बसतात. अग्रशाळा घेतलीत तर ‘महिलांची बैठक’ एवढंच सांगा, उद्देश समजावू नका. घर घेतलंत तर त्या दोन तासांपुरता पुरुषांनी बाहेर जायचं, हे यजमानीणीनं आधी ठरवून घ्यावं. पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या, मांडावर (ठरलेल्या जागी) पुरुषांनी यायचं नसतं, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. तीच मर्यादा इथेही मागता येते, आणि जुन्या माणसांना ती याच भाषेत सांगितली की पटते.

दुपारी ३ ते ५ ही वेळ बहुतेकींना जमते. वेर्णा, कुंडईकडे कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका हव्या असतील तर रविवार. गावात संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारून त्याच्या पाऊण तास आधी बैठक संपवा, नाहीतर शेवटची फेरी घड्याळाकडे पाहत होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची लागते. एकीला खुर्ची तर सगळ्यांना खुर्ची, नाहीतर वरची आणि खालची असा भेद बसण्यातूनच सुरू होतो.

खाण्याला मर्यादा घाला. चहा आणि भिजवलेले चणे, किंवा चहा आणि बिस्किटं, सगळीकडे तेच. एकीनं बटाटेवडे केले की पुढची शिरा-पुरी करते, आणि तिसरी परवडत नाही म्हणून आपल्या घरी बैठक घेत नाही. लहान मुलं असतील तर आळीपाळीनं दोघींनी त्यांना बाहेर अंगणात सांभाळावं. आठ वर्षांवरचं मूल सगळं ऐकतं आणि घरी जाऊन सांगतं, त्याला आत बसवू नका.

बोलणं कोंकणीत की मराठीत? आणि पावसात बैठक बंद ठेवावी का? (काणकोण)

जी भाषा तोंडात येईल ती. नियम मराठीत सांगितले आणि फेरी कोंकणीत झाली तरी काही बिघडत नाही. मूळ कर्नाटकातली एखादी असेल तर तिला कन्नडमध्ये बोलू द्या. शब्द कळले नाहीत तरी सगळ्या ५ मिनिटं तिच्याकडे पाहत बसतील, ते तिला पुरतं.

पावसात बंद ठेवू नका. जून ते सप्टेंबर घरात कोंडलेल्या बायकांना तेव्हाच जास्त गरज असते. छत गळत नाही अशी एकाच वाड्यावरची जागा धरा, चालत येता येईल अशी, आणि गोल पाच-सहा जणींचा झाला तरी घ्या. गणेशचवथीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र सोडा. तेव्हा माटोळी (गणपतीवर बांधायची फळापानांची आरास), करंज्या आणि घर सारवणं यांतून कोणीही येत नाही. पण पुढची तारीख चवथीआधीच ठरवून ठेवा. विसर्जनानंतर ‘बघूया’ म्हटलेली बैठक दिवाळीपर्यंत होत नाही.